सिंता म्हणजे चिंता नव्हे

जिच्या प्रसादाने मुक्याला वाचा फुटते आणि वाचाळाला कधी थांबावे ते कळते, त्या वाग्देवीच्या चरणी प्रथम मस्तक ठेवतो. आमच्या कुलस्वामिनीला, आणि ज्यांच्यासमोर मांडी घालून मी पहिली शब्दरूपे घोकली त्या गुरुजनांना वंदन करतो. आज माघ शुद्ध पंचमी. सकाळी ग्रंथांवर फुले वाहिली, तेव्हा ग्रंथांबरोबर एक पत्रही पूजेत ठेवले होते. ते समोर घेऊन आता लिहावयास बसलो आहे.

पत्र नागोयाहून सूनबाईंचे आहे. ती आणि तिच्या मैत्रिणी मिळून चित्रपट दाखवण्याचे एक छोटे मंडळ चालवीत असत. माणसे थकली, म्हणून ते बंद केल्याचे तिने कळवले आहे. पुढे लिहिते, ‘ओतोसान, आपली फिलिपिन्सची चित्रपट होती ना, तिच्याविषयी तुम्ही लिहून ठेवा. मी लिहिली तर लोक हसतील.’ ओतोसान म्हणजे वडील. ती जपानी आहे. लिंगभेद नसलेल्या भाषेत वाढलेल्या या मुलीला मराठीने फार छळले; मी तिचे लिंग-वचन कधी दुरुस्त केले नाही, आणि आता करणारही नाही. त्या चित्रपटाच्या बाबतीत चूक तिने केली नव्हती. ती मी केली होती, आणि तीही ज्या विषयात मी तीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढल्या त्याच विषयात.

नव्वदच्या दशकाच्या मध्यास, पत्नीच्या निधनानंतर, चिरंजीवांनी मला नागोयाला नेले. तो मोटारींचे भाग बनविणाऱ्या कारखान्यात अभियंता होता. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर, शेजारी तातामीची, म्हणजे जाड गवती चटया अंथरलेली, एक लहान खोली, ती माझी. पहाटे गॅलरीतून सूर्याला अर्घ्य द्यावे तर ते खालच्या मजल्यावरील बाईंच्या वाळत घातलेल्या रजयांवर पडे. म्हणून पुढे मी कुंडीतल्या तुळशीसमोर वाडग्यात अर्घ्य देऊ लागलो. सूर्यनारायणाने कधी तक्रार केली नाही. सात वर्षांची नात होती. मी मराठीत विचारी, ती जपानीत उत्तर देई, आणि आमचे दोघांचे उत्तम चाले.

सूनबाईंच्या मंडळात पाच गृहिणी आणि एक निवृत्त स्टेशनमास्तर होते. वर्षातून तीन-चारदा आशियातल्या कुठल्या तरी देशाचा, चित्रगृहांत कधी न लागणारा चित्रपट मागवायचा, वॉर्डाचे सामुदायिक सभागृह घ्यायचे, सोळा मिलिमीटरचे प्रोजेक्टर लावायचे, एवढेच त्यांचे कार्य. पण त्याला एक शिस्त होती आणि ती स्टेशनमास्तरांची होती. सभागृहात जोडे काढून जावे लागे. शेवटचे रीळ सुरू झाले की ते मोज्यांनी हलकेच बाहेर जात आणि कपाटातले जोड मोजत. आरंभी मोजायचे नाहीत, कारण आरंभी कुणीही येतो. शेवटच्या रिळाला चाळीस जोड असले, तर मंडळ त्या चित्रपटाला जपानी उपशीर्षके करून देई आणि तोक्यो व सेंदाई येथील आपल्यासारख्याच मंडळांकडे पाठवी. चाळीसला एक कमी असला तरी चित्रपट नमस्कार करून परत. ‘गाडी एकतर वेळेवर असते, नाहीतर उशिरा असते,’ असे ते म्हणत, असे सूनबाईंनी मला सांगितले होते.

त्या हिवाळ्यात फिलिपिन्सच्या एका दिग्दर्शकाचा चित्रपट ठरला. मुख्य रिळे तो स्वतः घेऊन येणार होता. आधी पूर्वतयारीसाठी व्हिडिओ टेप आली. तिच्यासोबत संवादांचे इंग्रजी भाषांतर होते, ते फक्त पहिल्या दोन रिळांचे. तिसऱ्याची पाने पाकिटात घालायची राहून गेली असावीत. पत्र पाठवले, त्याला उत्तर आले नाही. दिग्दर्शक कुठे तरी दूर गावी होता. चित्रपटाचे नाव त्यातल्या गावाचेच होते आणि ते गाव कुणी ऐकलेले नव्हते. जपानी सूचनापत्रकावर काही तरी कळेल असे शीर्षक हवे होते.

सूनबाईंनी ती टेप दिवाणखान्यात लावली, तेव्हा मी सहज बसलो होतो. समुद्रकाठी मीठ पिकविणारी एक बाई. नवरा परदेशी कामाला गेलेला. ती मिठागरात लाकडी फावड्याने मीठ ओढते, ढीग करते, पुन्हा ओढते. बोलणे थोडे. आणि त्या थोड्या बोलण्यात मला माझी माणसे भेटू लागली. ती ‘मुखा’ म्हणाली आणि चेहऱ्यावरचा घाम पुसला. ‘आसा’ म्हणाली, मी इंग्रजी पानावर पाहिले, तर तिथे आशाच होती. शिक्षक आला, त्याला सगळे ‘गुरो’ म्हणाले. मी उठून उभाच राहिलो. हजारो योजने दूर, दर्यापलीकडे, ज्या भाषेचे नावही मला धड ठाऊक नव्हते तिच्यात आमची शब्दसंपदा सुखाने नांदत होती! एका ठिकाणी बाई ‘दुखा’ म्हणाली आणि भाषांतरात ‘गरीब’ असे होते. तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते. दुःखाचा अर्थ जर दारिद्र्य होऊ शकतो, तर इतर शब्दही वाटेत कपडे बदलून आले असतील, एवढे कोणत्याही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळावे.

तिसऱ्या रिळात ती बाई संध्याकाळी बांधावर उभी राहून समुद्राकडे पाहत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणते. सूनबाईंनी टेप थांबवून विचारले, “ओतोसान, ही सारखी काय म्हणते?”

“सिंता,” मी म्हणालो. “म्हणजे चिंता. माझी चिंता, माझी चिंता, असे म्हणते.”

“नक्की ना?”

“सूनबाई,” मी म्हणालो, “हा शब्द मी तुझ्या जन्माआधीपासून चालवतो आहे.”

तिने मान लवविली. जपानी मनुष्य वडीलधाऱ्यांशी वाद घालीत नाही, हे मला त्या वेळी फार बरे वाटले. शीर्षक ठरले ते जपानीत ‘शिन्पाइगोतो’, म्हणजे काळज्या, चिंता. पत्रके छापली गेली. स्टेशनमास्तरांनी ती सूचना दारोदार फिरणाऱ्या पाटीवरही लावली. नागोयात गल्लीतल्या सूचना एका पाटीवर चिकटवून ती पाटी एका घराने दुसऱ्या घराला द्यायची अशी रीत आहे. तिला कायरानबान म्हणतात. पाटीवर जागा थोडी आणि स्टेशनमास्तर मितभाषी, म्हणून त्यांनी लिहिले ते एवढेच: ‘शिन्पाइगोतो. रविवार, दुपारी दीड. सामुदायिक सभागृह. कुणीही यावे. गरम चहा मिळेल.’

दिग्दर्शक शुक्रवारी आला आणि आमच्याकडेच उतरला. चाळिशीचा, बारीक, थंडीला न पुरणारे जाकीट घातलेला मनुष्य. हातात तीन पत्र्याचे गोल डबे. नातीने ते पाहून जपानीत विचारले, “केक आहे का?” तो डब्यांकडे पाहून म्हणाला, “तिला सांगा, फार दिवसांचा आहे, पण अजून कुणी खाल्लेला नाही.” त्याचे इंग्रजी हळू आणि स्वच्छ होते, त्यामुळे मला सोपे गेले. मी संस्कृतचा शिक्षक होतो हे कळताच तो मला ‘गुरो’ म्हणू लागला.

जेवताना चिरंजीवांनी विचारले, की त्यांच्या देशात हा चित्रपट किती चालला. त्याने घास संपवला आणि मग सांगितले. राजधानीत एका चित्रगृहाने आठवडा दिला होता. दुसऱ्या दिवशी दुपारीच फलक उतरला, कारण एका मोठ्या नटाच्या मारामारीच्या चित्रपटाला पडदा कमी पडत होता. “मालक वाईट नाही,” तो म्हणाला. “मला म्हणाला, नायिकेला पावसात एक तरी गाणे द्यायचे होतेस. मी म्हटले, साहेब, मीठ करणारी बाई पावसात नाचली तर तिचे सगळे मीठ वाहून जाईल.”

आम्ही हसलो. तोही हसला, पण तो विनोद त्याने पुष्कळ ठिकाणी सांगितलेला असावा; शेवटचे शब्द त्याने आमच्याकडे न पाहता उच्चारले. मग म्हणाला, त्याच मालकाने त्याला सांगितले आहे, की परदेशात चार शहरांत चालला तर पुन्हा घेऊन ये, बघू. आणि घरी पत्नीला तो सांगून आला होता, की हाही परत आला तर हा शेवटचा. यापुढे इतरांच्या चित्रपटांत मिळेल ते काम धरायचे. त्याला स्टेशनमास्तरांच्या चाळीस जोडांचा नियम ठाऊक होता. “चाळीस,” तो म्हणाला, “आमच्याकडे बारशाला याहून जास्त येतात.”

जेवणानंतर सूनबाईंनी रविवारी वाचावयाचे संवाद काढले. उपशीर्षके नसल्यामुळे ती अंधारात ध्वनिक्षेपकावरून जपानी वाक्ये वाचणार होती. तिसऱ्या रिळाची पाने त्याच्या पिशवीत होती. ती वाचता वाचता सूनबाई थांबली आणि माझ्याकडे न पाहता त्याला विचारू लागली, “इथे... हे प्रिय असे का लिहिले आहे?”

“सिंता,” तो म्हणाला. “प्रिय. प्रियतम. ती नवऱ्याला हाक मारते.”

खोलीत रॉकेलची शेगडी चालू होती. तिच्यावरची किटली मी उगाच बाजूला सरकवली. मी म्हणालो, “आमच्याकडे चिंता म्हणजे काळजी. मीच यांना तसे सांगितले.”

तो हसेल असे वाटले होते; तो हसला नाही. पुढे सरकून बसला. “काळजी? मूळ शब्द काळजी आहे? गुरो, मग बरोबर आहे की. जिची काळजी वाटते तीच सिंता.”

त्याचे सांत्वन मला घेववेना. मी त्याला आमच्या मराठीतली एक लज्जास्पद गोष्ट सांगितली. संस्कृतात राग म्हणजे अनुराग, आसक्ती, रंग. मराठीत आलो आणि आम्ही त्याचा क्रोध करून टाकला. दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलांना बजावीत असे: शब्द ओळखीचा दिसला तर आधी त्याचे सध्याचे घर विचारा, मग त्याला नावाने हाक मारा. “तुम्ही चिंतेचे प्रेम केलेत,” मी म्हणालो, “आणि आम्ही प्रेमाचा राग. आणि हे शिकवणारा मीच.”

“म्हणजे तुमच्या भाषेत संसार लवकर आटोपतो,” तो म्हणाला, आणि आता मात्र हसला. चिरंजीव जपानी वर्तमानपत्रामागे हसले. सूनबाई हसली नाही. ती म्हणाली, “पत्रक तर गेली सगळीकडे.” ‘पत्रक’ नपुंसकलिंगी आहे आणि त्याचे अनेकवचन ‘पत्रके’ होते, हे त्या क्षणी सांगण्याचे मला सुचले नाही.

शनिवारी दुपारी मी त्याच्यासोबत फिलिपिनी किराण्याच्या दुकानात गेलो. नागोयात त्या देशाच्या पुष्कळ स्त्रिया होत्या. काही कारखान्यांत, काही जपानी पतींच्या घरी. रविवारी चर्चनंतर त्या या दुकानात जमत. सुकी मासळी, केळ्याचे सॉस, आणि एका भिंतीवर भाड्याने मिळणाऱ्या व्हिडिओ टेप. प्रत्येक टेपवर एक तर बंदूक होती, नाहीतर अश्रू, किंवा दोन्ही. दुकानदारीण चाळिशीची, गळ्यात क्रूस, हात सतत चालू. तिने पत्रक घेतले, वाचले आणि त्याला ताईने लहान भावाला बोलावे तशी बोलली. माझ्यासाठी अधूनमधून इंग्रजीत.

“नट कोण?”

“मीठ करणारी बाई.”

“ते कळले रे. तिचे काम कुणी केले?”

“तिनेच. ती मीठच करते.”

“म्हणजे नट नाही. गाणी?”

“वारा आहे.”

“मारामारी?”

“डासांशी आहे. लांबलचक.”

ती खो खो हसली. मग मासळीची पिशवी बांधता बांधता म्हणाली, “हे बघ, भावा. आठवडाभर आमच्या बायका कारखान्यात उभ्या राहून डबे भरतात. रविवारी एक दिवस मिळतो. त्या दिवशी नटाने खलनायकाला खिडकीतून फेकावे, एवढे मागणे आहे. मीठ करणारी बाई मला दाखवतोस? मी तिच्यापासून विमानाने पळून आले.”

तो तसाच दाराकडे वळला. मला वाटले, रागावला. (मराठी अर्थाने.) पण बाहेर आल्यावर म्हणाला, “तिचे बरोबर आहे, हीच तर पंचाईत आहे.” तिने पत्रक काचेवर लावले होते. त्याच्या वर एका देखण्या नटाचे भले मोठे चित्र होते, आणि पत्रकाचा वरचा कोपरा त्याच्या बुटाखाली गेला होता.

मला त्या वाटेवर आमचे संस्कृत नाटकाचे प्रयोग आठवले. महिना-महिना तालीम करून सभागृहात अकरा श्रोते, त्यांतले चार कलाकारांचे आईवडील. शेजारच्या मैदानावर त्याच वेळी सिनेसंगीताचा वाद्यवृंद. आम्ही समोरच्या गर्दीला नावे ठेवून घरी जात असू. तिला तिची स्वतःची दमणूक असते, हे मला नागोयाच्या त्या दुकानात प्रथम कळले, आणि ते कळून बरे वाटले असे म्हणता येत नाही.

रविवारी आकाश राखाडी होते. मी धोतर, वर जाड कोट आणि मफलर असा प्रवेशद्वाराजवळ टेबलाशी बसलो होतो. पत्रके द्यायची आणि मान लववायची, एवढे काम माझ्याकडे होते. एकपासूनच माणसे येऊ लागली. सूनबाईंचा चेहरा उजळला. पण येणारे सगळे सत्तरीचे दिसत होते, आणि बहुतेकांच्या हातांत कागदांच्या पिशव्या होत्या.

एक आजी सरळ माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी वाकून नमस्कार केला, पिशवीतून काही कागद काढले आणि बोलू लागल्या. मला जपानी येत नव्हते. पांढरी दाढी, टेबल आणि शांत चेहरा एवढेच माझ्याकडे होते, आणि तेवढे त्यांना पुरेसे वाटले असावे. त्या बोलत होत्या, मी मान हलवीत होतो. मध्येच त्यांनी डोळे टिपले. मी आपले दोन्ही हात जोडले. पाच-सात मिनिटांनी सूनबाई धावत आली, ऐकले, आणि तिचा हात तोंडाकडे गेला.

“ओतोसान, ही चित्रपटाला आली नाही. वॉर्डात महिन्यातून एकदा शिन्पाइगोतो असते. लोक आपली काळजी सांगायला येतात. पेन्शन, शेजारी, सून. सगळे त्याच्यासाठी आले आहेत.”

“या काय सांगत होत्या?”

“कुणीतरी चुकीच्या वारी चुकीचा कचरा टाकतो आणि सगळ्यांना वाटते तो हिने टाकला. दोन वर्षं झाली.”

स्टेशनमास्तरांना कळले तेव्हा ते क्षणभर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग पुढे जाऊन कमरेत पूर्ण वाकले आणि सर्वांची क्षमा मागितली. आज सल्ला नाही. फिलिपिन्सचा एक चित्रपट आहे. सूचना आपण तोकडी लिहिली. ज्यांना जायचे त्यांनी अवश्य जावे, चहा मात्र घेऊन जावा. माझे नाव त्यांनी घेतले नाही. मी उठून वाकलो, तर लोकांना वाटले हा विदेशी सल्लागारही क्षमा मागतो आहे. आणि तेही उलट वाकले.

सव्वीस जोड होते. सात-आठ जण चहा घेऊन लगेच गेले. उरलेले आत बसले, कारण बाहेर बोचरी थंडी होती आणि आत शेगडी. त्या आजी पहिल्या रांगेत बसल्या. माझ्याजवळ मन मोकळे केल्यावर तसेच उठून जाणे त्यांना बरे दिसेना, असे नंतर सूनबाईंनी सांगितले. दिग्दर्शक प्रोजेक्टरपाशी उभा होता. झाला प्रकार त्याला सांगितला होता. तो “चालेल” म्हणाला, आणि दिवे मालवले.

दीड तासाचा तो चित्रपट मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. बाई मीठ ओढत होती. फावड्याचा खरखर आवाज, वारा, आणि सूनबाईंचा खालच्या पट्टीतला आवाज. पहिल्या रिळानंतर चार-पाच जण उठले. दुसऱ्यात एक आजोबा घोरू लागले, त्यांना कुणी उठवले नाही. तिसऱ्या रिळाच्या आरंभी स्टेशनमास्तर हलकेच बाहेर गेले. मीही त्यांच्यामागे गेलो, आत बसवेना.

कपाटासमोर ते वाकून मोजत होते, प्रत्येक खणाला बोट लावून. आणि दाराच्या आत, जोडे काढायच्या पायरीखाली, ती दुकानदारीण उभी होती, सोबत आणखी दोघी. चर्चचे कपडे, हातात केकचे खोके. कुणाच्या तरी वाढदिवसाला निघाल्या होत्या. उघड्या दारातून त्यांना पडद्याचा एक तुकडा दिसत होता. मी खुणेने आत चला म्हटले. तिने मान हलविली, बुटांकडे बोट दाखवले, म्हणजे आम्हांला लगेच जायचे आहे. आत बाई बांधावर आली आणि समुद्राकडे पाहून म्हणाली, “सिंता.” सूनबाईंनी ते जपानीत म्हटले. दुकानदारीणही तो शब्द पुटपुटली, आणि केकचे खोके तिने एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. त्या तिघी जवळजवळ शेवटपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. बूट काढले नाहीत. स्टेशनमास्तरांनी त्यांच्याकडे पाहिले, कपाटाकडे पाहिले, आणि वहीत आकडा लिहिला. दिवे लागण्याआधीच त्या निघून गेल्या होत्या.

माणसे पांगल्यावर सगळे शेगडीभोवती बसले. स्टेशनमास्तर म्हणाले, “चौदा.”

सूनबाई सहसा त्यांच्याशी वाद घालीत नसे. त्या दिवशी तिने घातला. ती मधूनमधून दिग्दर्शकाला आणि मला सांगत होती: चुकून आले तरी थांबले ना, दारातल्या तिघी पाहत होत्या ना, हिवाळा आहे, सूचनेत चूक झाली, पुन्हा एकदा लावू. स्टेशनमास्तरांनी सगळे ऐकून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर कठोरपणा मुळीच नव्हता. त्यांनी विचारले, पुन्हा लावायला सभागृह कधी मिळेल? वैशाखाच्या सुमारास, असे कळले. तोवर रिळे इथे ठेवता येतील का? दिग्दर्शकाने मान हलविली. प्रत ही एकच होती आणि तीही त्याने कुणाकडून शब्दावर आणली होती. एका गृहिणीने सगळ्यांचे पेले पुन्हा भरले.

मी उठलो. इंग्रजीत म्हणालो, “दोष माझा आहे. एका शब्दाच्या अभिमानापायी मी तुमचा प्रेक्षक घालवला. मला क्षमा करा.”

तो तिसरे रीळ डब्यात बसवीत होता. झाकण नीट बसत नव्हते. ते त्याने तळहाताने दाबले.

“गुरो,” तो म्हणाला, “खरा अर्थ लिहिला असतात, तर चौदासुद्धा आले नसते.”

हे त्याने मला बरे वाटावे म्हणून म्हटले नव्हते. तो हिशोबी आवाजात बोलला, जसे एखाद्याने हवामान सांगावे. स्टेशनमास्तरांना सूनबाईंनी ते जपानीत सांगितले. ते उठून त्या दिग्दर्शकासमोर, दुपारी लोकांसमोर वाकले होते त्याहूनही खोल, वाकले.

मंगळवारी तो गेला. विमानतळाच्या बसपर्यंत डबे मी धरू का असे विचारले, तर त्याने एकच दिला, सर्वांत हलका.

काही महिन्यांनी त्याचे पत्र आले. चित्रगृहाच्या मालकाला तो भेटलाच नव्हता. एका मोठ्या नटाच्या चित्रपटात त्याला साहाय्यकाचे काम मिळाले होते. खिडकीतून फेकलेला खलनायक खाली गादीवर नीट पडतो की नाही ते पाहायचे. काम सोपे आहे, लोक चांगले आहेत, दुपारचे जेवण वेळेवर मिळते, असे लिहिले होते. ‘चित्रीकरण पाहायलाही रोज शंभर-दोनशे माणसे जमतात, गुरो. कुणाला बोलवावे लागत नाही. पहिल्या दिवशी मी सवयीने मोजली, आणि मग मोजणे सोडले.’ मिठाच्या चित्रपटाविषयी त्यात एकही ओळ नव्हती. मी उत्तर लिहिले. पण ज्याने आपले काम खाली ठेवले त्याला ते पुन्हा उचल असे सांगण्याचा मला काय अधिकार, असे वाटून आशीर्वादापलीकडे काही लिहिले नाही. सूनबाईंनी पुढे पुष्कळ वर्षे अनेक देशांचे चित्रपट लावले. त्या देशाचा पुन्हा लावला नाही.

एवढेच स्मरण होते. ते जसे घडले तसे लिहिले. शब्दांत काही उणेअधिक झाले असेल तर वाग्देवीने पोटात घालावे. वाचणाऱ्या सज्जनहो, आपल्या घरात धान्य, दूध आणि आरोग्य यांची वाण न पडो. लेकीसुनांचे बोलणे घरात ऐकले जावो. आणि आपल्यापैकी कुणी पुष्कळ श्रमाने काही घडवून आणून समोर ठेवले, तर ते शेवटच्या रिळापर्यंत पाहणारे कुणी तरी त्याच घरात निघो. ते नाही निघाले, तर परत नेण्याचे ओझे त्याला हलके होवो. आपले, आपल्या मुलाबाळांचे आणि आपल्या दारी चुकून आलेल्यांचेही कल्याण असो.